फुटलेले अंडे आणि उमललेले अंडे

एक अरण्य होते. तेथे लोकशाही असल्यामुळे सिंहाला दर पाच वर्षांनी निवडून यावे लागे, आणि तो येई.

अरण्यात वैद्यशाळा एकच. जागा चाळीस, इच्छुक पिल्ले चाळीस हजार. म्हणून महाराजांनी प्रवेशपरीक्षा सुरू केली. परीक्षेमुळे शिकवणी आली, आणि शिकवणीसाठी वटवाघूळ गुरुजी लाभले. उलटे लटकल्याने रक्त मेंदूकडे धावते, हा त्यांचा सिद्धान्त. नकुली नावाची मुंगसाची पोर त्यांच्या वडाला सलग दोन वर्षे उलटी लटकली. तिच्या घराण्याला सर्पदंशावरची मुळी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पण मुळी ओळखणे अभ्यासक्रमात नव्हते.

शेजारच्या फांदीवरचे हरणाचे पाडस एके सकाळी खाली पडले, ते उठलेच नाही. शासनाने तातडीने दखल घेऊन झाडाखाली जाळे बांधले. उद्घाटनाला महाराज स्वतः आले. म्हणाले, "पिल्लांनो, ताण घेऊ नका. तुमच्यातले चाळीस जण तर नक्कीच यशस्वी होणार आहेत."

प्रश्नपत्रिका अंड्यात घालून सीलबंद करण्याची राज्याची रीत होती. राखणीला घोरपड नेमली होती, कारण अंड्यांचा इतका दांडगा अनुभव दुसऱ्या कोणालाच नव्हता. निकालात घोरपडीची सहाही पिल्ले पैकीच्या पैकी गुण मिळवून पहिली आली. नकुली एकेचाळिसावी. त्याच दुपारी घोरपडीच्या बिळापाशी तिला राजमुद्रा असलेले कवच सापडले, रिकामे.

आई म्हणाली, "नकुले, होतं तिथं टाकून ये ते. आपण मुंगसं आहोत."

पण न्याय पुराव्यावर मिळतो, हे नकुलीने पाठ केले होते. ती कवच घेऊन थेट दरबारात गेली.

चौकशी समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी घोरपड, प्रकरणाची इत्थंभूत माहिती तिलाच होती. अहवालात म्हटले होते की, अंडे फुटलेले नाही, उमलले आहे. उमललेल्या अंड्याला फुटलेले म्हणणे हा समस्त मातृत्वाचा अवमान होय. तथापि, ते फुटले असे क्षणभर गृहीत धरले, तरी कवच सापडले कोणाच्या पंजात? आणि मुंगसे अंडी खातात, हे तर बालवाडीतही शिकवतात.

नकुलीला परीक्षेस तीन वर्षे बंदी झाली. तिची वयोमर्यादा दोन वर्षांनी संपत होती.

काही दिवसांनी राजदूत पोपट दवंडी पिटत आला. पुढील वर्षापासून परीक्षा संपूर्ण पारदर्शक होणार होती. अंड्यांना कवचच ठेवायचे नाही, म्हणजे फुटण्याचा प्रश्नच मिटला. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

नकुलीने विचारले, "पोपटकाका, मग आतलं सगळ्यांनाच दिसेल ना?"

पोपटाने हुकूम पुन्हा एकदा नीट वाचून पाहिला.

"सगळ्यांना कसं दिसेल, पोरी? जवळ बसलेल्यांना दिसेल."