आबांना घेऊन येते

माझ्या आजीलासुद्धा दात आले नव्हते ना, तेव्हाची ही गोष्ट. एक होता कासार. कासार म्हणजे बांगड्या भरणारा, बरं का. नाव त्याचं धोंडबा. माणूस मनाचा मऊ, पण बोलायला फटकळ. घरातून निघताना आपण काय म्हणतो? येतो म्हणतो. हा म्हणायचा, "जातोय तर जातो म्हणेन. येतो कशाला?"

गावाच्या पुढे नुसती वाळू. तीन दिवसांची वाट. वाळूचीच टेकाडं, वाळूच्याच दऱ्या. पलीकडे समुद्रकाठी कवडेबंदर. आणि त्या वाळूत राहायची वाळूबाई. तिचे कान हे एवढे मोठे, पण अक्कल बेताचीच. कानावर पडेल ते खरं करून टाकायची. एकदा धोंडबा बंदराला निघाला आणि बायकोला म्हणाला, "जातो गं." झालं! वाळूबाईने ऐकलं. गेला तो गेलाच.

वर्ष झालं. मग सुकी मासळी विकणारी एक म्हातारी गावात आली. तिने सांगितलं, धोंडबा बंदरात आहे, धडधाकट आहे. रोज सकाळी घरी यायला निघतो, दिवसभर वाळू तुडवतो, आणि संध्याकाळी पाहतो तर पुन्हा बंदरच. जातो म्हणालाय ना, मग जातच राहतो बिचारा. ऐकून त्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. रोज ती त्याचं ताट वाढायची, आणि रोज ते गाईपुढे ठेवायची.

त्यांना एक लेक होती, सगुणा. तुमच्या ताईएवढीच असेल. तिला काही हे बघवेना. मग तिने बांगड्यांचं गाठोडं पाठीला बांधलं, त्यावर वाकळ ठेवली, कमरेला पाण्याचा भोपळा अडकवला. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आई, आबांना घेऊन येते." आणि चालू लागली. ए निमे, पांघरूण ओढू नकोस गं, धाकट्याचे पाय उघडे पडतात.

पहिल्या दिवशी काय झालं, टेकाड उतरताना तिचा पाय घसरला. गाठोडं आपटलं. खळ्ळकन आवाज झाला. दुसरी कुणी असती तर फुटल्या म्हणाली असती, आणि उरलेल्याही फुटल्या असत्या. पण बांगडी फुटली असं कासाराच्या घरात कुणी म्हणतं का? सगुणा म्हणाली, "अगंबाई, वाढल्या!" मग काय, बांगड्या खरंच वाढल्या. गाठोडं तिप्पट झालं. बिचारी वाकून वाकून चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ऊन तर असं, की तळव्यांना फोड आले. भाकरी खाऊन झाली होती. टेकाड चढावं, तर वारा ते उचलून पुढे नेऊन ठेवायचा. वाट म्हणून राहीना. फार दमलं की मी काय म्हणते? मेले गं बाई म्हणते. सगुणाच्याही ओठांवर तेच आलं. "मे..." म्हणाली आणि तिने जीभ चावली. हसताय काय? जिवावरचं होतं ते! वाळूबाई कान टवकारून बसलेली, मे म्हणजे काय, पुढे काय? तेवढ्यात सगुणाला आईच्या हातची भाजी आठवली. ती म्हणाली, "मे... मेथी!"

आणि वाळूतून मेथी उगवली. बोटभर उंचीची, हिरवीगार, कोवळी. मुळांनी वाळू घट्ट धरली, टेकाड जागच्या जागी थांबलं. सगुणाने मूठमूठ मेथी खाल्ली. मग मेथी, मेथी म्हणत ती पुढे निघाली, आणि तिच्यामागे हिरवी वाट होत गेली.

तिसऱ्या दिवशी बंदर आलं. वाळूच्या कडेला धोंडबा बसला होता, केसांत वाळू, दाढीत वाळू. लेकीला पाहून तो ढसाढसा रडला. बंदरातल्या बायका गोळा झाल्या. सगुणाने एकूणएक हात भरला, तरी बांगड्या उरल्याच.

सकाळी बापलेक निघाले. पण वाळूबाई पडली गोंधळात. एकाचा शब्द जातो, दुसरीचा घेऊन येते. खरं कुणाचं करायचं? तिने आपली वाळूची भिंतच उभी केली. सगुणाने बापाला विनवलं, येतो म्हणा. धोंडबा म्हणाला, आधी पोचू दे, मग आलो म्हणेन. सगुणाने हात जोडले. तो हटला नाही. मग ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "आबा, आई रोज तुमचं ताट वाढून वाट बघते. तिला काय सांगू?"

धोंडबाने दाढीतली वाळू झटकली. हट्ट कुठल्या कुठे गेला. तो म्हणाला, "सांग तिला, येतो म्हणावं."

बस्स! भिंत खाली बसली, सतरंजी अंथरावी तशी. मागे बंदरातल्या बायका हात हलवत होत्या, सगळ्या बांगड्या किणकिणत होत्या. पुढे मेथीची हिरवी वाट. तीन दिवसांची वाट त्यांनी एका दिवसात कापली. दारात आई ताट घेऊन उभी होती. त्या दिवशी गाय उपाशी राहिली, आणि सगळं घर पोटभर जेवलं. तेव्हापासून समुद्रकाठच्या वाळूत मेथी उगवते. परवा तुम्ही नाक मुरडलंत ना, तीच ती.

ती माणसं सुखात राहिली, तुम्हीही राहा. चला, डोळे मिटा. आता मी स्वयंपाकघर आवरायला जा... बघा, माझीच जीभ घसरत होती. येते हं बाळांनो. येते.