मावळतीचा तांब्या

दोष अनंतभट जोशाचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हिंगणदऱ्यातला एकही म्हातारा पाहुण्यांसमोर हे नाव घेत नाही.

हिंगणदरा म्हणजे बालाघाटाच्या एका घडीत दडून बसलेलं गाव. पाहुणे येतात ते बारव बघायला. काळ्या दगडाची, खोल, भर उन्हाळ्यातही तळाशी गार पाणी धरून असलेली बारव. तिला दोन बाजूंनी पायऱ्या आहेत, उगवतीकडून आणि मावळतीकडून. उगवतीच्या पायऱ्या लोकांच्या पावलांनी झिजून गुळगुळीत झाल्यात. मावळतीच्या पायऱ्यांनी मात्र आपण खाली उतरलो की शेवटच्या पायरीवर, अगदी पाण्याच्या तोंडाशी, भिंत आडवी येते. ओबडधोबड, घाईत रचलेली. आणि त्या भिंतीत एकच भोक आहे, तांब्या जाईल एवढं.

दुसरी गोष्ट या गावातच बघायला मिळते. तारा तुटताना दिसला की इतर गावांत माणसं तोंडानं राम राम म्हणतात, नाहीतर थुंकतात आणि कुणाला सांगत नाहीत. हिंगणदऱ्यात ज्याला तारा दिसेल तो घरात जातो, तांब्याभर पाणी घेतो आणि मावळतीकडे तोंड करून मातीत ओततो. पाहुण्यांनी विचारलं की म्हातारे सांगतात, धूमकेतूचा कोप झाला होता, त्याची शांत आहे ही. कोप. म्हणजे आकाशानं केलं आणि गाव आपलं बिचारं बसलं होतं.

आकाशानं काही केलं नव्हतं.

फार जुनी गोष्ट आहे. पाऊस दगा देऊन गेलेलं वर्ष होतं. ओढा आटला, विहिरी आटल्या, सगळा गाव एका बारवेवर आला. गाव तेव्हा असं पसरलेलं. मधे पाटील आणि कुणबी, उगवतीच्या टेकाडावर जोशांची आळी, मावळतीला कुंभारवाडा. त्या चैत्रात एका पहाटे उगवतीला शेंडेनक्षत्र दिसलं. धूमकेतूला तेव्हा शेंडेनक्षत्रच म्हणत. डोकं क्षितिजाला टेकलेलं आणि पांढरी शेपूट आकाशभर वर चढून मावळतीकडे कललेली. बायकांनी दारं लावून घेतली. कुणी म्हणालं राजा मरणार, कुणी म्हणालं गुरं जाणार, कुणी म्हणालं गर्भ गळतील. ज्याच्या मनात जी भीती आधीपासून होती ती त्यानं त्या शेपटीला बांधली.

उजाडताच मानकोजी पाटील चार जाणती माणसं घेऊन अनंतभटाच्या ओसरीवर आला. अनंतभट गावचा जोशी. लग्नं, पेरण्या, बारशी, सगळं त्याच्या बोटांवर मोजलं जायचं. पण त्याच्या पंचांगात शेंडेनक्षत्राबद्दल अक्षर नव्हतं आणि बापाच्या पोथ्या कधीच वाळवीनं खाल्ल्या होत्या. ‘मला ठाऊक नाही’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते त्याच्या तोंडातून निघाले नाहीत. जन्मभर ज्याला गाव विचारून पाऊल टाकतं, त्यानं आज ठाऊक नाही म्हणायचं? त्यानं डोळे मिटून ओठ हलवल्यासारखं केलं, असं सांगतात.

पाटलाला घाई होती. त्याच्या डोक्यात नक्षत्र कमी आणि बारवेतलं पाणी जास्त होतं.

“भटजीबुवा, येवढंच सांगा, शेपूट कुणीकडं हाय?”

“मावळतीला.”

एक शब्द. आणि तो खरा होता, हीच मोठी गंमत. शेपूट मावळतीलाच होती. पण पाटलानं पुढं विचारलं की मग शेपूट ज्यांच्यावर पडली त्यांनी पाण्याला हात लावला तर पाणी बाटेल ना? अनंतभटानं मान हलवली. शास्त्र तिथं, त्या ओसरीवर, त्या मान हलवण्यातून जन्माला आलं. त्याच्या आधी ते कुठल्याच पोथीत नव्हतं.

दुपारपर्यंत मावळतीच्या पायरीवर भिंत उभी राहिली.

कुंभारवाड्यातली माणसं रिकामी मडकी घेऊन आली तेव्हा गावकरी समोरच्या पायऱ्या अडवून उभे होते. हैबती कुंभार वयानं सगळ्यांत वडील. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, “ज्या मडक्यातलं पाणी पिताय ते कुणाच्या हातचं हाय, पाटील?”

“मडक्याला शेपूट लागत न्हाई,” गर्दीतलं कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. हसणाऱ्यांत पिकल्या मिशांची माणसं होती. त्यांची नावं आज देवळाच्या दगडावर कोरलेली आहेत.

अनंतभट हसला नाही. तो घरी परतला तेव्हा त्याची लेक दुर्गी दारात उभी होती. सासरहून बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. आई मागेच गेलेली, घरात म्हातारी आत्या, तीही डोळ्यांनी अधू. दुर्गीनं बापाला ताक दिलं नाही, पाट मांडला नाही. तिनं विचारलं:

“अप्पा, साळूबाई त्याच वाड्यात राहते ना?”

साळूबाई म्हणजे हैबतीची भावजय, गावची सुईण. हिंगणदऱ्यातली निम्मी माणसं पहिल्यांदा तिच्याच हातात रडली होती. दुर्गीसुद्धा. मान हलवताना अनंतभटाला नक्षत्र आठवलं, पाटील आठवला, स्वतःची अब्रू आठवली. मावळतीला माणसं राहतात आणि त्यांत साळूबाई राहते, एवढं मात्र आठवलं नव्हतं.

“वेळ आली की बघू,” तो म्हणाला.

तेव्हाही वेळ होती. पाटलाकडे जाऊन शब्द मागे घ्यायला चार पावलं पुरली असती. तो गेला नाही.

कुंभारांनी आजूबाजूच्या गावांत जाऊन पाहिलं. पण बातमी त्यांच्या आधी पोचली होती. ज्यांच्यावर शेपूट पडली ती माणसं शिवेच्या आत नकोत, असं ठरलं होतं. मग धडधाकट होते त्यांनी गाढवांवर चाकं, मडकी, पोरं लादली आणि घाट उतरून गेले. हैबतीला चालवेना, तो राहिला. त्याच्यासारखेच आणखी काही जीर्ण जीव राहिले. आणि साळूबाई राहिली. तिला चालता येत होतं. लोकांनी तिला ओढलं, रागावले. ती म्हणाली म्हणे, “भटाच्या दुर्गीला सबूद दिलाय. कळा सुटल्या की कसंबी करून यीन म्हणाले व्हते.” मडक्यांची माती भिजवायच्या खड्ड्यात थोडं गढूळ पाणी साठलेलं होतं. मागे राहिलेले तेच गाळून पीत होते.

काही दिवसांनी शेंडेनक्षत्र दिसेनासं झालं. गावानं सुटकेचा श्वास सोडला. उपाय लागू पडला म्हणाले. पाटलानं अनंतभटाच्या खांद्यावर उपरणं टाकलं. त्यानं ते घेतलं. कुंभारवाड्याकडे बघायला कुणी गेलं नाही. तिकडं बघितलं तरी शेपूट लागेल अशी भीती होती, आणि बघितलं तर काय दिसेल याची त्याहून जास्त.

मग एका संध्याकाळी दिवेलागणीला पोरं ओरडत आली. शेंडेनक्षत्र परत आलं होतं. सूर्याआड दडून ते आता दुसऱ्या बाजूनं निघालं होतं. डोकं मावळतीच्या डोंगरावर टेकलेलं आणि शेपूट, अख्ख्या गावावरून पसरून, उगवतीला. बरोबर जोशांच्या आळीवर.

शेंडेनक्षत्राची शेपूट कायम सूर्याकडे पाठ करून असते. पहाटेची मावळतीला पडते, संध्याकाळची उगवतीला. ना तिला कुंभार ठाऊक ना जोशी. पण हे सांगणारं गावात कुणी नव्हतं, आणि ज्यानं ‘ठाऊक नाही’ म्हणायला हवं होतं तो अंगणात वर मान करून उभा होता. आपण हलवलेली मान आता आपल्यावरच उलटलेली तो बघत होता.

सकाळी उगवतीच्या पायऱ्यांवर पाटलाची माणसं काठ्या घेऊन बसली. जोशांच्या आळीला पाणी बंद. पाटील स्वतः सांगायला आला आणि फार अदबीनं बोलला. “तुमचंच शास्त्र हाय, भटजीबुवा. आमी फकस्त पाळतोय.”

आळीतला शेवटचा रांजण आटला त्या दुपारी दुर्गीच्या कळा सुरू झाल्या. शेजारच्या बायका जमल्या, पोटाला हात लावला आणि एकमेकींकडे बघू लागल्या. पोर आडवं होतं. आडवं पोर वळवणारे हात त्या पंचक्रोशीत एकच होते.

अनंतभट धावला. भर उन्हात, डोक्याला काही नाही, हातात सवयीनं उचललेला रिकामा तांब्या. कुंभारवाड्याच्या तोंडाशी तो थांबला, असं सांगतात, कारण त्याला आधी मडकी दिसली. घरोघरच्या दारात नवी कोरी मडकी ओळीनं मांडलेली, तोंडं बारवेकडे. कुणीतरी पाणी सोडेल म्हणून मांडली असतील. मधे हैबती बसलेला होता, भिंतीला टेकून, आणि त्याच्या डोळ्यांवर माश्या होत्या. पलीकडच्या घरांतून वास येत होता. खड्ड्यातल्या पाण्यानं हगवण लागली होती आणि एकेक जण आपापल्या उंबऱ्यात आडवा झाला होता. माणसं मेली तर गावात रडणं होतं, हलगी वाजते, कुणीतरी सांगायला येतं. इथं एवढी माणसं मेली होती आणि इतके दिवस त्याच्या अंगणात उपरणं वाळत होतं.

शेवटच्या खोपटात साळूबाई होती. जिवंत होती. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले. तिनं त्याला ओळखलं.

“दुर्गीच्या कळा?”

त्यानं मान हलवली. तिनं उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग तिची नजर त्याच्या हातातल्या तांब्यावर गेली.

“आधी घोटभर पाणी दे, भटा. मग उठते.”

तांब्या रिकामा होता.

तो बारवेकडे पळाला. उगवतीच्या पायऱ्यांवर काठ्या आडव्या झाल्या. आणि तिथं, सगळ्या गावासमोर, अनंतभट जन्मात पहिल्यांदा खरं बोलला. शास्त्र खोटं आहे म्हणाला. कुठल्या पोथीत नाही, मीच मान हलवली, शेपटीचा आणि पाण्याचा काही संबंध नाही, मला पाणी द्या. पाटलाच्या पाया पडला.

“आता पोरीवर आलं तवा शास्तर फिरवता व्हय?” पाटील म्हणाला. माणसं पुन्हा हसली. तीच माणसं. खोटं त्यांनी एका शब्दावर मानलं होतं. खरं मानायला त्यांच्याकडे काही कारण नव्हतं, कारण खरं मानलं असतं तर कुंभारवाड्यात जे काही झालं ते त्यांनी केलं असं झालं असतं.

मग तो बारवेला वळसा घालून मावळतीच्या पायऱ्या उतरला. भिंतीतला एक दगड नखांनी उकरून काढला. त्या भोकातून तांब्या धरलेला हात खांद्यापर्यंत आत घातला आणि पाण्याला टेकवला. समोरच्या पायऱ्यांवरून लोकांना भिंतीतून बाहेर आलेला एक हात तेवढा दिसला. त्यांनी त्या हातावर दगड मारले, म्हणे. हाड मोडल्याचा आवाज बारवेत घुमला. तांब्या त्यानं सोडला नाही.

खोपटात पोचला तेव्हा साळूबाई तशीच दाराकडे बघत होती. त्यानं तांब्या तिच्या ओठांना लावला. पाणी आत गेलं नाही, ओठांच्या कडेनं गळ्यावर उतरलं आणि मातीत गेलं. उरलेलं पाणी घेऊन तो घराकडे वळला. अर्ध्या वाटेवर त्याच्या ध्यानात आलं की टेकाडावरून इतका वेळ ऐकू येणारं दुर्गीचं ओरडणं आता येत नाहीये. तो तिथंच थांबला. घरी गेला नाही. मागे फिरला, मावळतीकडे तोंड केलं आणि तांब्यातलं सगळं पाणी मातीत ओतलं.

पुढं शेंडेनक्षत्र गेलं, पाऊस आला. पाटलाचं काही गेलं नाही. त्याच्या वंशातले लोक आजही जत्रेत पहिला नारळ फोडतात. गावानं ठरवलं की जोशानं पाणी ओतलं म्हणून कोप शमला, आणि साधा तारा तुटला तरी पाणी ओतायची रीत पडली. त्यानं का ओतलं ते विचारायला कुणी गेलं नाही. विचारलं असतं तर हैबतीचं नाव घ्यावं लागलं असतं.

आजही हिंगणदऱ्यात तारा तुटला की माणसं तांब्या घेऊन बाहेर येतात आणि शांत झाली म्हणून समाधानानं आत जातात. आजही कुंभारवाड्याच्या जागेवर कुणी घर बांधत नाही आणि गावाला मडकी घाटाखालून विकत आणावी लागतात. आजही भिंत तशीच आहे. अख्खी पाडायला एक सकाळ पुरेल, पण पाडत नाहीत, पाहुण्यांना दाखवतात. भोकाच्या कडा आता झिजल्यात, कारण कुठल्याही घरात बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की त्या घरचा पुरुष मावळतीच्या पायऱ्या उतरतो, भोकातून हात घालून पहिला तांब्या भरतो आणि तो घरात न नेता वर येऊन मावळतीच्या मातीत ओततो.

अनंतभटाला त्या एका शब्दापायी लेक गेली, तिच्या पोटातलं पोर गेलं, आणि उजवा हात पुन्हा कधी मुठीत वळला नाही.