भीमाकाकूंचे कोरडे अंगण

सीना नदीच्या काठी पळसवेढे नावाचे लहानसे गाव. गावाबाहेर काळ्या खडकावर एक मठ, आणि त्या मठात खडकगिरी महाराज राहत असत. महाराज कुठून आले, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. अंगावर घोंगडी, हातात कटोरा. सकाळी गावात भिक्षेला जावे, उन्हे तापली की परत यावे, एवढाच त्यांचा दिनक्रम होता.

मंडळी, संतांची कथा म्हटली की तुम्ही सरसावून बसता. आता पाण्यावर चालणे होणार, मेलेला उठणार, असे तुम्हाला वाटते. आज तसले काही नाही. आज एका बोकडाची लघवी अडली होती आणि ती महाराजांनी मोकळी केली, एवढीच गोष्ट आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावे, मागाहून मध्येच हसलेले मला चालणार नाही.

तर गावात ठकूबाई नावाची एक धनगरीण होती. तिच्या नवऱ्याने बिरोबाला बोकड बोलला होता. पिल्लू असतानाच त्याला खच्ची करून घेतले, नाव ठेवले सोमा, आणि जत्रेची वाट पाहत त्याला वाढवले. जत्रेच्या आधी नवराच तापाने गेला. मागे राहिली ठकूबाई आणि सोमा. ती बोकडाला घेऊन मठात आली आणि म्हणाली, "म्हाराज, नवस फेडायचा तर ह्याला कापाय पायजे. माझा हात हुईना. घरात बोलायला दुसरं कोन न्हाई."

महाराज म्हणाले, "देवाला बोललाय ना? मग देवाला दे. पण जिता दे. इथं दारात हिंडू दे."

तेव्हापासून सोमा मठाचा झाला. ठकूबाई रोज बोरीचा पाला आणि बाभळीच्या शेंगा घेऊन यायची, त्याच्या गळ्यात हात टाकून बसायची आणि नवऱ्याशी बोलावे तशी त्याच्याशी बोलायची. महाराज भिक्षेहून परतले की सोमा धावत जाऊन त्यांच्या मांडीला डोके घासायचा. महाराज म्हणायचे, "आलास का बाबा?" आणि ठकूबाईच्या पदरातली अर्धी भाकरी मागून खायचे.

आता हे सगळे पाहणारी एक बाई होती. त्या भीमाकाकू, कुळकर्ण्यांच्या. मठाचा नैवेद्य त्या सोवळ्यात रांधत. अंगण सारवून रांगोळी घालत, समया घासत, आणि हे वर्षानुवर्षे चालले होते. काकूंच्या हाताला चव होती, कामाला वळण होते, आणि निष्ठेत खोट नव्हती. पण महाराजांनी कधी "काकू, वरण छान झालं" म्हटले नाही. ताट पुढे आले की जेवत, हात धूत, उठत. आणि बोकडाला मात्र "आलास का बाबा?"

काकूंना ते सहन होईना. होईल कसे? आपण सगळा जन्म देऊन बसावे आणि कालची आलेली जवळची व्हावी, याची आग ज्याला लागली नाही त्याने काकूंना नावे ठेवावीत. त्यांना रात्री नीट झोप येईना. पोळी लाटताना त्यांच्या कानात महाराजांचे ते तीन शब्द घुमत आणि लाटणे जोरात आपटे. नदीवर धुणे धुताना त्या बायकांना ऐकवत, "ठकीची भक्ती चार पायांवर चालते बाई. आमची आपली दोन पायांची. पुरी कशी पडणार?" बायका हसत. ठकूबाई खाली मान घालून घोंगडी आपटत राहायची. तिला उलट बोलणे ठाऊकच नव्हते.

मग काकूंच्या मनाने एक वाट काढली. बोकड ज्याच्या मागे जाईल त्याच्याकडे महाराज वळतील, असे त्यांना वाटले. मठात पूर्वीपासून भक्तांनी वाहिलेल्या धान्याची कणगी होती. काकू रोज सकाळी भिजवलेले हरभरे, दुपारी गहू, संध्याकाळी ज्वारी अशी ओंजळ ओंजळ सोमाला घालू लागल्या. बोकडच तो! पाला सोडून धान्याला लागला. ठकूबाईचा भारा तसाच पडून राही आणि सोमा काकूंच्या पदराला तोंड लावून फिरे. काकूंना जे सुख झाले ते काय सांगावे. ठकूबाई दिसली की त्या मुद्दाम मोठ्याने हाक मारत, "सोमा, ये रे माझ्या राजा."

एक गोष्ट मात्र त्यांना खुपे. सोमा अंगणात, थेट रांगोळीवर मुतायचा. सारवलेले अंगण, देवासमोरची रांगोळी, आणि त्यावर हे! काकूंनी उपाय केला. तुळशीपाशी त्याच्या पाण्याचे घमेले असे, ते त्यांनी उचलून गोठ्यामागे पालथे घातले. पाणीच नको, म्हणजे घाण नको. ठकूबाईने विचारले तेव्हा म्हणाल्या, "मला काय ठाऊक? तुझ्याच बोकडानं ढकललं असेल."

आणि अंगण खरेच कोरडे राहू लागले. आधी कमी भिजे, मग थेंब थेंब पडे, मग तेही दिसेना. काकू रांगोळीकडे बघून हरखत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "ठकीला जमलं नाही ते मी केलं. मुक्या जनावराला वळण लावलं हो मी."

त्या दिवशी महाराज भिक्षेला गेले होते. सोमा सकाळपासून अस्वस्थ होता. समोरचे पाय पुढे, मागचे पाय मागे असा ताणून उभा राही, पाठ बाक करी, कुंथे, शेपटी झटकी आणि पुन्हा तसाच उभा राही. हरभरे समोर ठेवले तर त्याने तोंड फिरवले. दात करकर खाई. मध्येच असे ओरडे की काळजाचे पाणी व्हावे.

"जास्त खाल्लं, दुसरं काही नाही. शौचाला अडलंय," काकू म्हणाल्या आणि एरंडेल पाजायला गेल्या. ठकूबाई धावत आली. तिने सोमाचे डोके छातीशी धरले आणि ती रडू लागली. "काकू, दृष्ट लागली वो ह्येला. माझं येवढंच हाय."

काकू म्हणाल्या, "हावरट आहे तुझा बोकड, दृष्ट कसली त्याला?" तोंडाने म्हणाल्या खऱ्या, पण त्यांची नजर गोठ्याकडे वळली.

तेवढ्यात महाराज आले. सोमा आज धावला नाही. महाराजांनी कटोरा तिथेच खाली ठेवला आणि ते त्याच्यामागे बसून राहिले. बराच वेळ नुसते बघत होते. मग त्यांनी त्याच्या पोटाखालचे केस बोटात धरून चोळले. केसांना वाळूसारखी पांढरी खर लागली होती, आणि एक थेंब ओघळला तो तांबूस होता.

महाराज म्हणाले, "हे शौचाचं नाही. एरंडेल ठेवा ते बाजूला. आणि आता पाणीही पाजू नका कोणी. मडकं काठोकाठ भरलंय आणि तोंड बुजलंय. आणखी ओतलं तर फुटेल." त्यांनी मठाजवळून चाललेल्या एका गाडीवानाला तालुक्याला पिटाळले, गुरांच्या डॉक्टरांना घेऊन ये म्हणून. मग अंगणाकडे पाहिले आणि विचारले, "माय, अंगण कोरडं कसं?"

मंडळी, इतक्या वर्षांत महाराजांनी काकूंना "माय" म्हणून पहिल्यांदा हाक मारली होती. काकूंचा जीव त्या शब्दासाठी तरसला होता. आणि तो शब्द आला तो असा प्रश्न घेऊन. त्या चाचरत म्हणाल्या, "मी... वळण लावलं, महाराज."

"कधीपासून कोरडं आहे?"

"काल दुपारपासून तर एक थेंब नाही."

महाराजांनी डोळे मिटले. म्हणाले, "ठके, तुझी लोकर कातरायची कातर आण. उकळत्या पाण्यात टाकून आण. डॉक्टर येईतो हा टिकायचा नाही. आणि ह्याला मांडीवर बसवून धरायला कोणीतरी लागेल."

ठकूबाईने कातर आणली आणि सोमाला धरायला गेली, पण तिला रडू आवरेना, आणि तिला बघून तोही धडपडू लागला. तो तिच्या हातून सुटला, लंगडत, कुंथत अंगण ओलांडून गेला आणि काकूंच्या पदरात तोंड खुपसून उभा राहिला.

त्याला त्या माउलीनेच हरभऱ्यांची सवय लावली होती ना! काकूंना हेच तर हवे होते. ठकूबाईला सोडून बोकड त्यांच्याकडे आला होता, महाराज बघत होते, आणि काकूंना धरणी ठाव देईना.

"तुमच्याकडं येतो तो," महाराज म्हणाले. "तुम्ही धरा, माय."

काकू सोवळ्यात होत्या. नैवेद्य चुलीवर होता. क्षणभर त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले, मग पदर खोचला आणि अंगणातच बसल्या. सोमाची पाठ आपल्या छातीशी लावून, पुढचे पाय वर धरून त्यांनी त्याला मांडीवर बसवले. त्याचे पोट नगाऱ्यासारखे ताठ लागत होते. त्याने मान मागे टाकून त्यांच्या खांद्यावर ठेवली.

बोकडाच्या मूत्रमार्गाच्या अगदी टोकाला दोऱ्यासारखा एक बारीक भाग असतो. खच्ची केलेल्याचा मार्ग आधीच अरुंद, त्यात खडा बहुधा तिथेच अडकतो. महाराजांनी तो दोरा शोधला. आत ज्वारीच्या कणीएवढा खडा बोटाला लागत होता. त्यांनी नाम घेतले आणि कातरीने तो दोरा हलकेच कापला. खडा कातरीबरोबर बाहेर आला. (आता हे ऐकून घरी जाऊन कोणी कातर हातात घेऊ नका. ते हात महाराजांचे होते. आपण आपला डॉक्टर गाठावा, आणि तोही त्याच दिवशी.)

पण लघवी आली नाही. एक लालसर थेंब आला आणि थांबला. सोमा आता ओरडतही नव्हता, नुसता धापा टाकत होता. ठकूबाई खडकावर कपाळ टेकून बसली होती.

महाराज हळू आवाजात म्हणाले, "आणखी वर एक आहे. तिथं माझी कातर पोचत नाही. माय, तुळशीपाशी घमेलं दिसत नाही. ह्याचं पाणी किती दिवस बंद आहे? मला खरं कळायला पाहिजे."

खरे सांगितले तर महाराज पुन्हा आपल्या हातचे अन्न घेणार नाहीत, अशी काकूंची खात्री होती. मठ सुटला तर काकूंजवळ राहते काय? आणि न सांगावे तर मांडीवरचा जीव जातोय. त्याचा श्वास त्यांच्या गालाला लागत होता.

"मी उचललं घमेलं," काकू म्हणाल्या. एकदा बांध फुटला तो फुटलाच. "आठवडा झाला, महाराज. धान्यही मीच घातलं. मला ह्या बाईचा मत्सर वाटला. तिची भाकरी तुम्ही मागून खाता आणि माझं ताट मुकाट्यानं जेवता. मला वाटलं, बोकड माझा झाला तर तुम्हीही व्हाल. मीच मारतेय ह्याला. मला हाकलून द्या, पण ह्याला वाचवा."

महाराज रागावले नाहीत की समजूतही घातली नाही. त्यांनी आपला तळवा सोमाच्या पोटाखाली ठेवला आणि डोळे मिटले. आणि मग काकूंनी जे पाहिले ते त्या मरेपर्यंत सांगत असत. महाराजांचे अंग ताणले गेले. पाठीला बाक आला, दातावर दात करकरले, कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. सकाळपासून सोमा ज्या कळा सोसत होता, त्या आता महाराज सोसत होते. इकडे सोमाचे अंग काकूंच्या मांडीवर सैल पडत गेले. त्याने एक लांब उसासा टाकला.

आणि धार लागली.

केवढी ती धार! सोवळ्याचे लुगडे कमरेपासून खाली चिंब झाले, अंगण भिजले, रांगोळी वाहून गेली. ठकूबाई धडपडत उठली, "काकू, तुमचं सवळं!"

"गप गं," काकू म्हणाल्या, "होऊ दे त्याला." त्या हसत होत्या आणि रडत होत्या आणि सोमाच्या पोटावरून हात फिरवत म्हणत होत्या, "कर रे राजा. कर. सगळं अंगण तुझंच आहे."

दिवेलागणीच्या आधी डॉक्टर आले. त्यांनी सोमाला तपासले, पुन्हा पुन्हा चाचपले आणि म्हणाले, टोकाचा खडा काढला ते ठीक, पण वरचा खडा असा हाताने सुटत नाही, मोठे ऑपरेशन लागते, हा सुटला कसा ते मला सांगता येणार नाही. त्यांनी धान्य बंद करायला सांगितले. पाला, वाळले गवत आणि मोकळे पाणी, बस्स. कल्हईवाले वापरतात तो नवसागर किती आणि कसा द्यायचा, तेही त्यांनी समजावून दिले, आणि पुन्हा कुंथताना दिसला तर वाट पाहू नका असे बजावून ते गेले.

महाराज भिंतीला टेकून बसले होते. चेहरा उतरला होता. काकू त्यांच्या पाया पडायला वाकल्या तेव्हा त्यांनी पाय आखडून घेतले.

"महाराज, माझा नैवेद्य आता नको का?" काकूंनी विचारले.

"माय, नैवेद्य कधी नको होता? घरच्या अन्नाला कोणी छान म्हणतं का? तुमचं ताट मी माझ्या घरचं म्हणून जेवत होतो. ठकीची भाकरी मागावी लागते. ती आपणहून पुढं करत नाही, लाजते." महाराजांनी दमून श्वास घेतला. "पाया पडायचंय तर माझ्या कशाला? जीव कुणाचा जात होता?"

काकू वळल्या. ठकूबाई सोमाजवळ बसून त्याचे अंग पुसत होती. गावाच्या कुळकर्णीणबाई त्याच ओल्या लुगड्याने तिच्यापुढे गुडघ्यावर आल्या आणि त्यांनी तिच्या भेगाळल्या पायांवर कपाळ टेकले. ठकूबाई घाबरून मागे सरकली, "काकू, आवो नका, मी कोन?" पण काकूंनी पाय सोडले नाहीत. शेवटी ठकूबाईनेच त्यांच्या खांद्याला धरून त्यांना उठवले आणि दोघी तशाच, बोकडाला मध्ये घेऊन, एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

महाराजांनी ते पाहिले आणि घोंगडी ओढून ते स्वस्थ झोपी गेले. मंडळी, आपल्या मनात ज्याच्याविषयी जळते, त्याच्या पायांवर डोके ठेवायची बुद्धी महाराज आपल्याला देवोत.