धाकूचा मणी

एका राज्यात असा नियम होता की माणसांना गौरवायचे ते राजानेच, आणि तेही सिंहासनावर बसून. राजा रिपुंजय वरून शेला टाकी. खालचा माणूस तो झेली.

त्या राज्यातल्या काळ्या तळ्याच्या तळाशी एक मणी होता. दुसऱ्याचा मान चोरणाऱ्याच्या माथी तो जड होईल, असा त्याला एका मांत्रिकाचा शाप होता. मणी काढायला राजा निघाला खरा, पण पाणी पाहून काठावरच थबकला. धाकू कोळ्याने बुडी मारली. त्याने मणी वर फेकला. तो स्वतः वर आला नाही. राजाने नगरात सांगितले, मणी मी काढला.

मणी मुकुटात बसवला आणि मुकुट जड होऊ लागला. डोक्यावरून तो निघेना. राजाची मान वाकली, घास गिळवेना. अमावास्येपर्यंत मान मोडेल, असे वैद्यांनी हळूच सांगितले.

खिडकीत एक टिटवी येऊन बसली. ती म्हणाली, "धाकूला गौरव."

राजाने भाटांकडून पोवाडा गाऊन घेतला. त्यात धाकूचे नाव एकदा आले, राजाचे अकरा वेळा. मुकुट आणखी जड झाला. मग राजाने धाकूची सोन्याची मूर्ती घडवली आणि हात जोडलेली अशी सिंहासनाच्या पायरीशी बसवली. मुकुट दुप्पट जड झाला.

"आता एकच संधी उरली," टिटवी म्हणाली. "त्याच्या आईकडे जा. तिच्याहून खाली बस आणि खरे बोल."

धाकूची आई राही तळ्याकाठी चिखलात बसून होती. लेकाचा देह हाती आल्याशिवाय ती उठणार नव्हती. चौघांनी राजाला धरून आणले. मागे नगर लोटले. इकडची वाट बरी सापडली राजाला, असे राही पाण्याकडे पाहतच म्हणाली.

"माय, तुझ्याहून खाली बसायला आलो आहे."

"मी भुईवर बसले आहे, राजा. याच्या खाली पाणीच आहे."

राजा पाण्यात उतरला. मुकुटाच्या भाराने पाय गाळात रुतले. पाणी ओठांशी आले तेव्हा तो सर्वांना ऐकू जाईल असे बोलला, "मी भ्यालो होतो. मणी धाकूने काढला."

मुकुट सुटून तळाशी गेला. घटकाभराने तळ्याने धाकूचा देह काठाला आणून ठेवला. शाप सरला. राही पदराने लेकाच्या केसांतला गाळ पुसत राहिली.

तिरडी बांधली. तिघे कोळी पुढे झाले. चौथ्या खांद्याशी राजा बोडक्या डोक्याने उभा राहिला आणि त्याने राहीकडे पाहिले. तिने लेकाच्या कपाळावरून एकदा हात फिरवला.

"उचल," ती म्हणाली.

राजाने उचलले, आणि नगर मागे चालले.