अकरा कोनाड्यांचा ओटा

एका डोंगराच्या कुशीतल्या गुहेत एक अस्वल आणि त्याची लेक, दोघंच राहत असत. लेकीची आई दोन पावसाळ्यांपूर्वी वारली होती. ती गेली तरी तिची तीन दगडांची चूल गुहेच्या तोंडाशी तशीच मांडलेली होती. दिवस कलला की लेक चूल पेटवी, मोहाची फुलं आणि कंद शिजत घाली, आणि वास सुटला की आजूबाजूची मंडळी न बोलावता जमत. समोरच्या बांबूच्या बेटातला ससा येई, मुंगूस येई, एक म्हातारी लांडोर लंगडत लंगडत येई. कुणी दगडावर बसे, कुणी मुळीवर, कुणी सरळ धुळीत. खाणं थोडं आणि गप्पा फार. अस्वलाला मात्र त्या गर्दीत बसून वाटत असे की आपल्याकडे काहीच नाही. पोरांनो, मोठ्यांना असंच वाटतं. ज्याच्याभोवती ते रोज जेवायला बसतात, तेच त्यांना दिसत नाही.

त्या वर्षी नदीला पूर आला, खालच्या रानातली निम्मी बिळं वाहून गेली, आणि अख्खं जंगल एकदमच घरं बांधायला निघालं. रानडुकराने चढावर नवं घर बांधलं आणि ते बघायला अस्वलाला बोलावलं. आत भिंतीला धरून लांबलचक ओटा होता आणि वर ओळीने नऊ कोनाडे कोरलेले होते. मीठ एकात, चिंच एकात, कंद एकात. जिथली वस्तू तिथे. अस्वल घरी आलं ते तोंड पाडूनच. चुलीच्या तीन दगडांकडे त्याने असं पाहिलं, जणू ते कुणीतरी त्याची अब्रू घालवायला तिथे आणून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने साळिंदराला बोलावलं. जंगलातली सगळी कोरीव कामं साळिंदर करी. साळिंदराने शेपटीने भिंत मोजली, पाठीवरचा एक काटा उपटला आणि पळसाच्या पानावर खर्चाचा अंदाज कोरून दिला : काळ्या दगडाचा ओटा, भिंतीत अकरा कोनाडे, धूर बाहेर काढायला उंच धुराडं, आणि चुलीला लागून एक बसायचा दगड, थंडीत लेकीला शेकत बसायला. सगळं मिळून चाळीस द्रोण मध.

लेकीने ते पान हातात घेऊन पाहिलं. बसायच्या दगडाशी तिची नजर थांबली. चाळीस द्रोण म्हणजे दोघांचं महिन्याभराचं काम. जमलं असतं.

"हे जुने तीन दगड ओट्याच्या भरावात टाकले तर दोन द्रोण वाचतील," साळिंदर म्हणालं.

"आणि तोवर जेवण कशावर करायचं?" लेकीने विचारलं.

"महिन्याभराचा तर प्रश्न आहे, पोरी," अस्वल म्हणालं. "कच्चं खाऊ. एकदा ओटा होऊ दे, मग रोज पंगत."

दगड त्याच दुपारी उचलले गेले. संध्याकाळी ससा, मुंगूस आणि लांडोर नेहमीप्रमाणे आले, तर चुलीच्या जागी नुसता काळा डाग. अस्वलाने त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं की आता असं धुळीत बसून खाणं बंद, ओटा झाला की रीतसर आमंत्रण येईल. मंडळी मान डोलावून गेली. लांडोर जाताना म्हणाली, "आम्हाला धुळीचं काही वाटत नव्हतं हो, दादा." अस्वलाला वाटलं, म्हातारीला चांगल्याची कदर नाही.

बापलेकींनी मध काढायला सुरुवात केली. तीस द्रोण भरले तेव्हा अस्वल नदीवर चिकणमाती आणायला गेलं. माती खेकड्यांकडे मिळे, आणि खेकड्यांनी भाव दुप्पट केला होता.

"सगळ्या रानाला एकदमच घर हवंय, दादा," थोरला खेकडा म्हणाला. "नांग्या दोनच आहेत. किती उकरणार?"

साळिंदराने नवं पान कोरलं. साठ द्रोण. साठाच्या जवळ पोचेपर्यंत साळिंदराच्या हाताखालच्या घुशींनी मजुरी वाढवून मागितली, आणि तिसरं पान आलं, पंचाहत्तरचं. पान पिकायच्या आत त्यावरचा आकडा शिळा होई. महिन्याचा हंगाम झाला, हंगामाचे दोन झाले, आणि गुहेच्या तोंडाशी तो काळा डाग तसाच.

आता काटकसर करणं भाग होतं, आणि काटकसर म्हटल्यावर मोठ्यांना लगेच लहानांच्या वाटणीचं आठवतं. आधी मध चाटणं बंद झालं. अस्वलाच्या घरात मध चाटायचा नाही, विचार करा. मग दुपारची फळं बंद झाली, कारण फळांच्या बदल्यात मुंग्या दगड घासून देत. एवढ्याने भागेना, तेव्हा अस्वलाने साळिंदराला विचारलं की आणखी काय कमी करता येईल.

"कोनाडे सात करा की," साळिंदर म्हणालं. "आहात दोघं. ठेवणार काय अकरा ठिकाणी?"

"रानडुकराकडे नऊ आहेत," अस्वल म्हणालं.

साळिंदराने पानावरून काटा फिरवला आणि शेवटची ओळ खोडली. बसायचा दगड गेला. लेक तिथेच उभी होती. तिने रिकामा द्रोण उचलला आणि कड्याची वाट धरली. अस्वलाला वाटलं, पोर समजूतदार आहे.

शरदाच्या शेवटी एकदा लेक उंच कड्यावरचं पोळं काढून खाली उतरली. मधमाश्यांनी तिचं नाक सुजवून ठेवलं होतं, एक डोळा मिटला होता. गुहेसमोर मातीचा सौदा चालला होता. खेकडे होते, साळिंदर होतं, आणि जंगलाच्या रीतिरिवाजांचा निवाडा करणारं म्हातारं कासवही साक्षीला होतं. चालता चालता द्रोणाच्या काठावरून मधाचा एक ओघळ खाली आला. तो मातीत पडू नये म्हणून म्हणा, किंवा भूक लागली होती म्हणून म्हणा, लेकीने तो चाटला.

अस्वलाने ते पाहिलं आणि चारचौघांत म्हणालं, "तू घरची असतीस, तर घराचा मध असा चाटला नसतास."

कासवाने मान बाहेर काढली आणि म्हणालं, "योग्य आहे. मोठ्यांनी शिस्त लावायलाच हवी." हे कासव दोनशे वर्षं जगलं होतं, पण त्यातली बहुतेक मान आत घेऊन. तरी जंगलात त्याच्या शब्दाला मान होता. नुसतं फार दिवस जगलं की तेवढा मिळतोच.

लेकीने भरलेला द्रोण बाकीच्या द्रोणांच्या ओळीत नीट ठेवला. सकाळी ती गुहेत नव्हती.

संध्याकाळपर्यंत येईल, असं अस्वलाला वाटलं. मग वाटलं, थंडी पडली की येईल. थंडी पडली. अस्वल एकटंच कड्यावर चढे, एकटंच उतरे. दोघांना जो मध चार दिवसांत जमे, त्याला आता दहा दिवस लागत. परत आल्यावर ते गार, कच्चा कंद घेऊन भिंतीशी बसे आणि चावू लागे. गुहेत दुसरा आवाज नसल्यामुळे त्याला आपलंच चावणं फार मोठं ऐकू येई. म्हणून ते मधेच चावणं थांबवी आणि बाहेर पाऊल वाजतंय का ऐके. कधी कधी ते तिसऱ्या पानाशी बोले. "अजून नऊच द्रोण राहिलेत," असं त्याला सांगे, आणि पान काही उत्तर देत नसे. बांबूच्या बेटातून हसण्याचा आवाज यायचा तेव्हा ते मनाशी म्हणे, हसा, ओटा होऊ द्या, मग बघा कुठे बसता ते.

मोह फुलायला लागला तेव्हा ओटा पुरा झाला. खोटं कशाला बोला, काम देखणं झालं होतं. काळा दगड पाण्यासारखा चमकत होता. अकरा कोनाडे एका रेषेत. धुराडं इतकं उंच की धूर गुहेत एक क्षणही रेंगाळणार नाही. अस्वल त्यापुढे उभं राहिलं आणि कुणाला तरी दाखवावं म्हणून सवयीने मागे वळलं. मागे भिंत होती.

त्या जंगलात एक रीत होती. नव्या चुलीवरचा पहिला घास पाहुण्याचा. पाहुणा घरचा असून चालत नसे. त्याने खावं, पोट भरलं म्हणावं, आणि मगच घरधन्याने त्या चुलीचं खावं. पौर्णिमेच्या आत पाहुण्याचा घास पडला नाही, तर ती चूल मोडून टाकायची, कारण जिच्यावर कुणी जेवायला येत नाही, तिला चूल म्हणायचं कशाला. रीत तशी वाईट नव्हती. कुणीतरी शहाण्याने घातलेली असावी.

अस्वलाने रोज अन्न शिजवलं आणि वाट पाहिली. वर्षभराने गुहेत शिजलेल्या मोहाचा वास होता, पण तोंडात घास घालायची मुभा नव्हती. चौथ्या दिवशी ते बोलवायला निघालं. ससा म्हणाला, "तुम्ही बोलावणार होतात म्हणून आम्ही पुष्कळ दिवस वाट पाहिली, दादा. मग सवय मोडली. आता आम्ही बेटातच सगळे मिळून खातो." ससा हे रागाने म्हणाला नाही, म्हणून ते जास्त लागलं. मुंगूस नदीपलीकडे राहायला गेलं होतं. लांडोरीच्या झाडाखाली कुणीच नव्हतं. ती पावसाळ्यातच वारली, हे अस्वलाला एका खारीने सांगितलं. रानडुकराकडे त्याच दिवशी पंगत होती आणि तिथे अस्वलाला आमंत्रण नव्हतं.

पौर्णिमेला दोन दिवस उरले, तेव्हा अस्वल लेकीकडे गेलं.

ती दोन टेकड्या ओलांडून एका कपारीत राहत होती. कपारीपुढे तीन दगड मांडलेले होते आणि त्यांवर काहीतरी रटरटत होतं. ओळखीचे नसलेले तीन-चार जण भोवती बसले होते. लेकीने बापाला पाहिलं, जागा करून दिली आणि पानावर गरम कंद वाढला. अस्वलाने पान बाजूला सारलं. कशी आहेस, हे त्याने विचारलं नाही. नाकावरची सूज कधी उतरली, हेही नाही. ओटा पुरा झालाय आणि पौर्णिमा परवावर आलीय, एवढंच त्याने सांगितलं.

लेकीने ते न खाल्लेलं पान उचललं. "उद्या येते," ती म्हणाली.

ती आली. कासवही आलं, रीत पुरी झाली का ते बघायला. लेकीने ओट्यावरून पंजा फिरवला.

"आईचे दगड यात कुठे आहेत?"

"असतील तिकडे खाली," अस्वल म्हणालं. "भरावात."

त्याने वाढलं. लेकीने बसायला जागा शोधली. चुलीपाशी जागाच नव्हती, म्हणून तिने उभ्यानेच खाल्लं. पान स्वच्छ केलं आणि नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "पोट भरलं."

"थांबा," कासव म्हणालं. "ही तर याची लेक. घरच्याचा घास धरता येत नाही."

"मी घरची नाही, आजोबा," लेक म्हणाली. "तुमच्यासमोरच ठरलं होतं ते. तुम्ही योग्य आहे म्हणालात." मग ती बापाकडे वळली. तिचा आवाज मात्र आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. "बाबा, तुम्ही सांगा. मी घरची असेन, तर हा घास धरू नका. उद्या चूल मोडू. मी थांबते, आईचे दगड बाहेर काढू, पुन्हा तिथेच मांडू."

अस्वलाला हो म्हणायचं होतं. ते त्याच्या गळ्यापर्यंत आलंही होतं. पण त्याची नजर आधी ओट्याकडे गेली. मग कोनाड्यांकडे. एक, दोन, तीन, अकरापर्यंत. प्रत्येकामागे किती द्रोण, किती डंख, ते त्याला पाठ होतं. ते अकरावर पोचलं आणि त्याने परत लेकीकडे बघितलं, तेव्हा तिने पंजे धुऊन घेतले होते.

"जेवण छान झालं होतं," ती म्हणाली. पाहुणे निघताना म्हणतात, तसं.

"घास पडला," कासव म्हणालं. "चूल लागली." आणि त्याने मान आत घेतली.

ती चूल अजून तिथे आहे. अस्वल रोज तिच्यावर एकट्यापुरतं शिजवतं. एका कोनाड्यात मीठ असतं, बाकीचे दहा ते रोज पुसून ठेवतं. बसायला जागा नाही, म्हणून उभ्यानेच खातं. खाता खाता ते अजूनही मधेच थांबून बाहेर कान देतं. पण धुराडं फार चांगलं बांधलंय. धूर सरळ वर जातो, आणि शिजलेल्या मोहाचा वास आता खाली कुणालाच येत नाही.

तात्पर्य : उद्याच्या पंगतीसाठी जो आज घरच्यांची चूल विझवतो, त्याच्या पंगतीला घरचेही पाहुणे होऊनच येतात. हे पाठ करायची गरज मुलांना नाही. घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.