रिकाम्या पातेल्याचा आग्रह

एकदा एक मासिक होते, केवळ जेवणाखाणाला वाहिलेले. शांततेच्या काळात ते चांगले जाडजूड निघे, मुखपृष्ठावर जिलब्यांची रास असे आणि नुसते वाचूनच अपचन व्हावे इतके पदार्थ आत असत. मग राज्यावर युद्ध आले. कागद आटला, दूध आणि साखर जखमी सैनिकांच्या इस्पितळांकडे वळली आणि मासिक लग्नपत्रिकेएवढे उरले. पाककृती मात्र छापल्या जात. त्यांत फक्त एक नवा शब्द शिरला होता. तूप, असल्यास. साखर, असल्यास. पुढे पुढे तर मीठ सोडून सगळेच 'असल्यास' झाले.

मासिकाच्या संपादिका वयोवृद्ध होत्या. सारे नगर त्यांना बाई म्हणे. त्यांच्या जिभेचा धाक मोठा होता. आमटी बिघडली तर त्या यजमानाच्या तोंडावर सांगत, मग तो राजाचा मेहुणा का असेना. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य लिहायला शिकत होता, बुद्धीने तल्लख आणि डोक्याने तापट.

त्या नगरात एक नामांकित भोजनगृह होते. चांदीची ताटे, भोवती रांगोळी आणि शेवटी बासुंदीचा असा आग्रह की पाहुण्याने हात जोडावेत. युद्धातही ते उघडे राहिले, याचा अनेकांना राग होता. बाईंच्या मासिकात विरुद्ध छापून आले तर टाळे ठोकू, असे नगराधिकाऱ्यांनी सांगून ठेवले होते. त्यामुळे बाई शिष्याला घेऊन तिथे जेवायला गेल्या, तेव्हा म्हाताऱ्या वाढप्याचे सगळे लक्ष शिष्याच्या खिशातल्या लेखणीकडे होते.

ताटे चांदीचीच होती, रांगोळीही होती. वाढल्या मात्र ज्वारीच्या कण्या आणि पातळ आमटी, तीही सरकारी हुकुमाप्रमाणे एकदाच. पंगतीत कोणी बडी मंडळी नव्हती. एक शाळामास्तर होते, मुलगा आघाडीवर असलेली काही जोडपी होती, सगळी धुवट कपडे घालून आलेली. त्यांनी बोटाने ताटे पुसून घेतली. मग वाढपी बासुंदीचे पातेले घेऊन निघाला. ओगराळे आत बुडवून वर काढी आणि प्रत्येक ताटावर धरून म्हणे, थोडी घ्या ना, माझ्यासाठी. शिष्याने वाकून पाहिले. पातेले घासूनपुसून लख्ख होते, आत काहीही नव्हते. मास्तरांनी ताटावर हात आडवा धरला आणि आता घास उतरणार नाही म्हणून सांगितले. शिष्याला हसावे की संतापावे कळेना.

तेवढ्यात वाढपी बाईंपुढे आला. सकाळपासून बाईंच्या पोटात चहाखेरीज काही गेले नव्हते, हे शिष्याला ठाऊक होते. बाईंनी दोन्ही हात ताटावर धरले आणि पोट अगदी तुडुंब झाले आहे, आता आग्रह नको, अशी गयावया केली.

रस्त्यावर येताच शिष्याचा धीर सुटला. "बाई, मीठ कमी पडलं तरी तुम्ही कुणाची गय करत नाही. आणि आज रिकाम्या पातेल्यापुढे खोटं बोललात. हे ढोंग मी या अंकात छापणार आहे."

बाई थांबल्या. "ढोंग फसवण्यासाठी असतं. इथे फसलं कोण? पातेलं रिकामं आहे हे वाढप्याला ठाऊक, मास्तरांना ठाऊक, मलाही ठाऊक. अरे, आज माणूस जाईल तिथे 'नाही' ऐकतो. साखर नाही, तेल नाही, मुलाची खबर नाही. रोज 'नाही' ऐकून तो आतून लाचार होतो आणि मग शेजाऱ्याच्या ताटाकडे बघायला लागतो. या एका ठिकाणी त्याला कुणीतरी 'घ्या' म्हणतं आणि तो आपल्या तोंडाने 'नको' म्हणतो. साखर काय, कधीतरी परत येईल. पण 'नको' म्हणण्याचा मान एकदा गेला, तर तो कुठल्या दुकानात मिळेल?" मग चालू लागत त्या म्हणाल्या, "लेख तुझा आहे. छापायचा की नाही, तू ठरव."

शिष्याने लेख छापला नाही, फाडलाही नाही. पुढच्या आठवड्यात तो एकटाच, लेखणी घरी ठेवून, त्या पंगतीत जाऊन बसला. वाढप्याने त्याला ओळखले, तरी त्याच्यापुढेही ओगराळे धरलेच. शिष्याने ताटावर हात आडवा केला आणि म्हणाला, "पुरे, आजोबा. फार झालं." वाढप्याचा जीव भांड्यात पडला, त्या भांड्यात तेव्हा दुसरे काही नव्हतेच. भोजनगृहाचे दार उघडे राहिले.

काळ गेला. एके दिवशी तह झाला, आघाडीवरची मुले घरी परतू लागली आणि गवळ्यांच्या कावडी पुन्हा नगरात दिसू लागल्या. त्या आठवड्याच्या पंगतीला बाई आणि शिष्य शेजारी शेजारी बसले होते. कण्या झाल्या, आमटी झाली, पातेले निघाले. सवयीने सगळ्या पंगतीने ताटांवर हात धरले, पुरे, पुरे. वाढपी मधोमध उभा राहिला.

"हात काढा हो," शेवटी तो म्हणाला. "आज आहे."

कोणाचा हात पटकन निघेना. सर्वांत आधी बाईंनी काढला आणि पदराने डोळे पुसले. मग मास्तरांनी, मग शिष्याने. बाईंनी पहिली वाटी संपवली आणि वेलदोडा जरा जास्त झाला आहे, असे वाढप्याला तोंडावर सांगितले. मग दुसरी मागून घेतली.

पुढच्या अंकात शिष्याने बासुंदीची पाककृती छापली. तीत 'असल्यास' हा शब्द एकदाही नव्हता.