मुशीतला कोळसा

एकदा एका लोहखनिजाच्या डोंगरापाशी एक वृद्ध आचार्य राहत. दगडातून लोखंड काढण्याची विद्या ते शिकवीत. त्यांचा एक शिष्य मोठा कष्टाळू, पण मनाने कडक होता. कडक माणसांना आपण न्यायी आहोत असे बहुधा वाटते, तसे त्यालाही वाटे.

त्याचा धाकटा भाऊ मल्हारी दारूपायी कामधंदा घालवून बसला होता. शिष्य रोज संध्याकाळी त्याच्या खोपटापर्यंत जाई, दारातूनच त्याला भरपूर सुनावी आणि परत फिरे. मल्हारी मान खाली घालून ऐके, शपथ घेई आणि चार दिवसांनी पुन्हा गुत्त्यावर दिसे. अखेर एका सकाळी शिष्य म्हणाला, "गुरुजी, आजपासून मला भाऊ नाही. तसं त्याला तोंडावर सांगून येतो. त्याचा पिंडच वाईट आहे."

आचार्यांनी वाद घातला नाही. "संध्याकाळी जा," ते म्हणाले. "आधी एक मूस लाव. मात्र आज आत कोळसा मिसळू नकोस. नुसती खनिजाची पूड घाल आणि झाकण मातीनं लिंपून टाक."

शिष्य बुचकळ्यात पडला. मूस म्हणजे धातू तापवण्याचे मातीचे भांडे. त्यात खनिजाबरोबर कोळशाची पूड घालायची, हा तर पहिल्याच दिवशीचा धडा. पण गुरूंची आज्ञा होती. त्याने मूस भट्टीत ठेवली, भोवती निखारे रचले आणि भाता मारायला घेतला. दुपार टळली, हात भरून आले, मूस लालभडक झाली. आचार्य मध्येच येऊन "आणखी आच दे" एवढेच सांगून जात. शेवटी मूस निववून फोडली. आत तीच पूड होती, फार तर घट्ट बसलेली. लोखंडाचा कणही नव्हता.

शिष्याला रडू यायचे तेवढे बाकी राहिले. "गुरुजी, असं होणार हे आपल्याला ठाऊक होतं."

"होतं. आता सांग, डोंगरात लोखंड सुटं का सापडत नाही?"

"त्याला प्राणवायू चिकटलेला असतो."

"लोखंडानंच तो धरून ठेवलेला असतो," आचार्य म्हणाले. "सोन्याला कुणाची गरज नसते, ते नदीच्या वाळूत एकटं पडून राहतं. लोखंडाला एकटं राहवत नाही. हवापाणी भेटलं की जो जवळ येईल त्याला ते धरून बसतं, आणि त्याचा दगड होतो. त्यात त्याचं वाईट काही नाही रे, त्याचा जीवच सोबतीचा आहे. अशाला तू दिवसभर तापवलंस. सुटली का त्याची पकड?"

"नाही."

"आच हवीच. पण कोळसा मुशीच्या आत जातो, त्याच्या अंगाला लागून बसतो. त्या आचेत प्राणवायूला लोखंडापेक्षा कोळसा जवळचा होतो. तो निघून कोळशाकडे जातो, मग लोखंड मोकळं होतं. आच बाहेरून देता येते. कोळशाला मात्र आत जावं लागतं, आणि त्यालाही तेवढंच तापावं लागतं."

शिष्याने फुटक्या मुशीची खापरे गोळा केली. आपण भावाच्या दारात उभे राहून काय करत होतो, हे त्याला उमगले आणि फार वाईट वाटले. "आणि कोळशाचं काय होतं?" त्याने हळूच विचारले.

"तो उरत नाही. म्हणून तर माणसं नुसत्या आचेवर भागवू पाहतात." मग त्याचा चेहरा पाहून आचार्य हसले. "भिऊ नकोस, तू उरशील. तुझ्या संध्याकाळी तेवढ्या जातील."

सूर्य कलताना शिष्य खोपटाशी पोचला. मल्हारी सवयीने दारात येऊन मान खाली घालून उभा राहिला. "बोल, दादा," तो म्हणाला.

शिष्याने वहाणा काढल्या आणि वाकून प्रथमच आत पाऊल टाकले. आत अंधारलेले होते, चूल थंड होती.

"पीठ आहे का घरात?"

"आहे थोडं."

"मग मळायला घे, मी चूल पेटवतो. आज इथंच जेवीन म्हणतो. उद्याही येईन."

मल्हारी डोळे पुसून परात शोधू लागला. गुत्त्यावर जायची वेळ त्या दिवशी भाकऱ्या थापण्यात निघून गेली. दुसऱ्या दिवशीचे दुसऱ्या दिवशी.